पायाच्या खड्ड्यातली माती फेकण्याआधी

ठाण्याच्या किल्ल्यात १७८७च्या सुमारास नव्या बांधकामासाठी खणताना ताम्रपट हाती लागले. शिलाहार राजा अरिकेसरी याने शके ९३९ मध्ये, म्हणजे इ.स. १०१७ साली दिलेले ते भूदानपत्र होते. १७८८ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात त्याचे भाषांतर छापूनही आले. ज्या मातीतून हे ताम्रपट निघाले, तिची दखल घ्यावी असे कोणाच्या मनात येण्याचे त्या काळी कारणच नव्हते.

आज ते कारण आहे. मातीत टिकून राहिलेली जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात आणि गेल्या पंचवीसेक वर्षांत त्या अंड्यांतला डीएनएही वाचता येऊ लागला आहे. हजार-दोन हजार वर्षांपूर्वीची माणसे काय खात होती, मांस किती शिजवत होती, शौचाची सोय कशी होती, परमुलखातून कोण येत-जात होते, याचा पुरावा त्यांच्या पोटातल्या जंतांकडून मिळतो. ताम्रपटात राजा असतो, दान घेणारा असतो, गावाच्या चतुःसीमा असतात. बंदरावर ओझी वाहणारा हमाल, खाडीत जाळे टाकणारा कोळी, जात्यावर बसलेली बाई तिथे क्वचितच भेटतात. जंत मात्र राजालाही झाले आणि हमालालाही.

ठाणे आणि कल्याण ही दोन्ही शहरे जुन्या वस्तीवरच उभी आहेत, म्हणून हा विषय इथल्या वाचकाच्या दारातला आहे. इ.स.च्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत कल्याणचे नाव ‘कॅलिएना’ असे येते. तिथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जातात, असेही ती सांगते. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणचे दाते आहेत. सहाव्या शतकातला व्यापारी-प्रवासी कॉस्मस याच बंदराचा उल्लेख करतो. ठाणे हे शिलाहारांचे श्रीस्थानक आणि मार्को पोलोच्या वर्णनातले ‘ताना’. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतले आणि दुर्गाडीच्या परिसरात आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. इतक्या पिढ्यांचे खाणेपिणे आणि मलमूत्र ज्या मातीत मुरले, ती माती आज पुनर्विकासाच्या कामांत पोकलेनने उपसली जाते आणि डंपरमधून कुठल्यातरी भरावाला जाते. पायाचा खड्डा एकदा उपसला की तिथल्या थरांचा क्रम कायमचा मोडतो. तो परत मांडता येत नाही.

म्हणूनच विद्यार्थी, साइट इंजिनीअर, सोसायटीच्या पुनर्विकास समितीचे सभासद आणि इतिहासाची आवड असलेले रहिवासी या चौघांनाही या अभ्यासाची तोंडओळख असायला हवी.

मार्क आर्मंड रफर यांनी १९१० मध्ये इजिप्तच्या ममींच्या मूत्रपिंडांत रक्तकृमीची अंडी दाखवली, तेव्हापासून या शास्त्राची सुरुवात मानली जाते. बराच काळ सगळी भिस्त सूक्ष्मदर्शकावर होती, आणि अजूनही पहिली पायरी तीच आहे. गोल जंताचे अंडे साधारण ४५ ते ७५ मायक्रॉन लांबीचे, बाहेरून खडबडीत कवचाचे. चाबूककृमीचे अंडे पन्नासेक मायक्रॉनचे, पिवळसर तपकिरी, दोन्ही टोकांना बूच मारलेल्या पिंपासारखे. जुन्या मातीत ही बुचे बहुधा गळून गेलेली असतात आणि दोन्हीकडे उघडे तोंड राहते. एकदा नजर बसली की हे अंडे परागकणांच्या आणि वाळूच्या गर्दीतूनही चटकन उठून दिसते. डुकराच्या किंवा गाईच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीचे अंडे याहून लहान, गोल आणि जाड रेघाळ कवचाचे असते.

अडचण पुढे येते. डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी आणि गोमांसातून येणारा पट्टकृमी यांची अंडी दिसायला एकसारखीच असतात. माणसाच्या गोल जंताचे अंडे आणि डुकराच्या गोल जंताचे अंडे यांचीही तीच गत. इतिहासाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. खड्ड्यातली घाण माणसाची की जनावराची, त्या घरात कोणते मांस शिजत होते, डुकराच्या पट्टकृमीमुळे मेंदूत गाठी होऊन फिट्स येण्याचा धोका तिथे होता का, या प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून असतात. इथे डीएनए कामाला येतो. बेल्जियममधल्या नामूर इथल्या चौदाव्या शतकातल्या विष्ठेच्या अवशेषांतून गोल जंताच्या अंड्यांचा डीएनए काढल्याचे काम २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ही वाट मोकळी झाली.

कल्याणच्या वाचकाने मात्र मुद्दाम वाचावे असे उदाहरण जर्मनीतल्या ल्यूबेक या बंदराचे आहे. मध्ययुगात उत्तर युरोपचा व्यापार या गावातून चाले. तिथल्या जुन्या संडासांच्या खड्ड्यांतले नमुने ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तपासले आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. साधारण १३०० पर्यंत ल्यूबेककरांच्या पोटात माशांतून येणारा पट्टकृमी भरपूर होता. त्यानंतर तो ओसरला आणि गोमांसातून येणारा पट्टकृमी वाढला. लोकांचे खाणे बदलले असेल किंवा कातडी कमावणाऱ्यांच्या आणि खाटकांच्या धंद्याने गोड्या पाण्यातली जीवसृष्टी बिघडवली असेल, असे तर्क आहेत. गावात इतर ठिकाणांपेक्षा चाबूककृमीचे वेगवेगळे वाण जास्त मिळाले, कारण जहाजांबरोबर नाना मुलखांतली माणसे तिथे येत होती. उल्हास नदीच्या काठी वसलेल्या आणि तांबड्या समुद्रापर्यंत व्यापार करणाऱ्या गावाला हेच प्रश्न विचारता येतात. कोळीवाड्याच्या बाजूला आणि व्यापारी पेठेच्या बाजूला एकच जंत होते का? परदेशी खलाशांबरोबर एखादा अनोळखी वाण इथे उतरला का?

जंतांवरून प्रवासाचा माग काढणे ही कविकल्पना नाही. चीनमध्ये दुनहुआंगजवळच्या रेशीममार्गावरच्या टपाल-ठाण्यात दोन हजार वर्षांपूर्वीच्या, कापड गुंडाळलेल्या शौचकाड्या सापडल्या. त्यांच्यावर यकृतकृमीची अंडी होती. हा कृमी पाणथळ प्रदेशातला, कच्च्या माशांतून येणारा. रखरखीत दुनहुआंगमध्ये तो होणेच शक्य नाही. म्हणजे तो प्रवासी जवळपास दीड हजार किलोमीटर दूरच्या मुलखातून आजार घेऊन आला होता. ब्राझीलच्या आदाउतो आराउजो आणि लुईझ फेर्नांदो फेरेरा यांनी असाच एक मोठा प्रश्न उभा केला. अंकुशकृमीच्या अळीला वाढायला उबदार ओली माती लागते. बर्फाळ बेरिंग प्रदेश पायी ओलांडणाऱ्यांच्या पोटात तो पिढ्यान्‌पिढ्या टिकणार नाही. तरीही तो कोलंबसपूर्व अमेरिकेत सापडला, तर काही माणसे समुद्रमार्गाने आली असली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. डीएनएने हे माग अधिक बारकाईने काढता येतात. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये डेन्मार्कमधल्या व्हायकिंग काळातल्या आणि इतर जुन्या शौचकूपांतली चाबूककृमीची अंडी आणि आजच्या रुग्णांमधले कृमी यांची जनुके ताडून पाहिली. हा कृमी आफ्रिकेतून माणसाबरोबरच जगभर पसरला असावा, असे त्यातून दिसले.

आता आपल्या हवेकडे यायला हवे, कारण या विषयात उत्साहाने शिरणाऱ्या अनेकांची निराशा इथेच होते. उष्णता आणि दमटपणा हे डीएनएचे शत्रू. हरियाणातल्या राखीगढी इथे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले; तिथल्या ६१ सांगाड्यांचे नमुने तपासल्यावर फक्त एका स्त्रीचा जनुकसंच वाचता आला. २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात त्याचा निबंध आला. राखीगढी तर कोरड्या भागात आहे. कोकणपट्टीत पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या घरात. तरीही हात टेकण्याचे कारण नाही. ठाण्याच्या उत्तरेला, गुजरातच्या किनाऱ्यावरच्या संजाणच्या उत्खननात पारशी वसाहतीतले मानवी अवशेष मिळाले. त्यांतल्या २१ नमुन्यांचा आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए वाचला गेला आणि २०१७ मध्ये ‘जीनोम बायोलॉजी’त प्रसिद्ध झाला. याच पश्चिम किनाऱ्याची हवा, समुद्राचा हाच दमटपणा. जंतांच्या अंड्यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. गोल जंत आणि चाबूककृमी यांच्या अंड्यांचे कवच फार चिवट असते आणि ते आतला डीएनए हाडापेक्षा वेगळ्या रीतीने जपते. २०१८ मधल्या एका अभ्यासात डेन्मार्क, नेदरलँड्स आणि लिथुआनियाबरोबर बहरीन आणि जॉर्डनमधल्या जुन्या शौचकूपांतूनही जंतांचा डीएनए मिळाला. बहरीनचा उन्हाळा काही ठाण्यापेक्षा सौम्य नसतो.

मग शोधायचे कुठे? मोकळ्या, पावसात धुपलेल्या लाल मातीत वेळ घालवू नये. जिथे हवा पोचली नाही अशी काळी, चिकट, कुजट वासाची ओली माती मोलाची: बुजलेल्या विहिरीचा तळ, जुन्या तलावाचा गाळ, खाडीकाठचा चिखल. सातवाहनकालीन वस्त्यांत भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी आणि शोषखड्डे मिळतात. अशा खड्ड्याच्या तळातला थर हा या अभ्यासासाठी पहिल्या पसंतीचा. दफन मिळाले तर ओटीपोटाची माती. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे ताम्रपाषाणयुगातली लहान मुले घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली मिळाली. आज असा कुंभ कुठे निघाला, तर त्यातली माती चाळून फेकण्याऐवजी थरांप्रमाणे जपून ठेवायला हवी. मडके बंद असल्यामुळे बाहेरची भेसळ तिथे सर्वांत कमी असते.

ठाणे-कल्याणच्या कामावर प्रत्यक्ष काही निघाले तर काय करावे, हे आता नीट सांगायला हवे. मानवी हाड दिसले की काम त्या जागेपुरते थांबवावे आणि आधी पोलिसांना कळवावे. हाड दोनशे वर्षांचे की दोन वर्षांचे, हे मुकादमाने किंवा इतिहासप्रेमी शेजाऱ्याने ठरवू नये. ते हलवू नये, धुऊ नये, त्याच्याभोवतीची माती मोकळी करू नये. मडकी, नाणी, मूर्ती, कोरीव दगड निघाले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. १८७८चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडली तर काय, कुठे, कधी सापडले हे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे ज्याला ती सापडली त्याच्यावर बंधनकारक आहे. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मुंबई मंडळ यांनाही त्याच पत्राची प्रत द्यावी. सोसायट्यांना वाटते की कळवले की काम वर्षानुवर्षे अडकेल. ही भीती समजण्यासारखी आहे. पण काम सुरू होण्याआधीच, करारात ‘अवशेष आढळल्यास’ असे एक कलम घालून कोणी कोणाला कळवायचे हे ठरवले, तर गोंधळ बराच टळतो. आणि स्वतः फावडे घेऊन उकरायला जाऊ नये. उत्खननाला परवाना लागतो, आणि हौशी उकरण्याने जे नासते ते कोणत्याही प्रयोगशाळेला सुधारता येत नाही.

कब्रस्ताने, चर्चची जुनी दफनभूमी, समाध्या यांची गोष्ट वेगळी. तिथे हात लावण्याआधी त्या समाजाशी बोलणे आणि त्यांची संमती घेणे ही केवळ शिष्टाचाराची बाब नाही. संमती नसेल तर नमुना घेऊच नये, मग तो कितीही मोलाचा असो.

परवानगीने आणि पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली नमुना घेण्याची वेळ आली, तर एका राजाचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरला एका पार्किंगच्या जागेखाली मिळाला. पिअर्स मिचेल आणि सहकाऱ्यांनी त्याच्या माकडहाडाच्या वरच्या, त्रिकास्थीच्या भागातली माती तपासली आणि तिथे गोल जंताची अंडी सापडली. पण त्यांनी कवटीजवळची मातीही घेतली होती. तिथे एकही अंडे नव्हते. थडग्याबाहेरच्या मातीत अगदीच तुरळक होती. या तिहेरी नमुन्यांमुळेच अंडी राजाच्या आतड्यातली आहेत, असे ठामपणे म्हणता आले. सीरियातल्या टेल झैदान इथे सहा हजार वर्षांहून जुने रक्तकृमीचे अंडे मिळाले तेव्हाही डोके आणि पाय यांच्याजवळची माती तुलनेसाठी घेतलेली होती.

म्हणजे ओटीपोटातली माती एकटी घेऊन उपयोग नाही. त्रिकास्थीच्या पुढच्या बाजूची आणि तिच्या छिद्रांतली माती, कवटीजवळची, पावलांजवळची आणि खड्ड्याबाहेरच्या त्याच थरातली, अशी प्रत्येकी तीस-चाळीस ग्रॅम माती वेगवेगळ्या नव्या झिपलॉक पिशव्यांत भरावी. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे. तोंडावर मास्क, कारण बोलताना उडणारी थुंकीही डीएनए घेऊन येते. स्टीलचा लहान करणी-चमचा प्रत्येक वेळी ब्लीचने पुसून, शुद्ध पाण्याने धुऊन, कोरडा करून वापरावा. पिशवीवर आणि आत टाकलेल्या चिठ्ठीवर, दोन्हीकडे, ठिकाण, थर, खोली, तारीख लिहावी. चिठ्ठी पेन्सिलीने, कारण ओलीने शाई पसरते. फोटोत मापपट्टी आणि उत्तर दिशा दिसली पाहिजे. माती उन्हात वाळवू नये. फॉर्मेलिन घालू नये. दवाखान्यातल्या सवयीने काही जण घालतात आणि डीएनएचे नुकसान करून बसतात. डीएनएसाठीची पिशवी थंड पेटीतून न्यावी आणि उणे वीस अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवावी. हजार वर्षांपूर्वीच्या अंड्यांतून संसर्ग होण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही, पण पावसाळ्यातल्या आपल्या चिखलात लेप्टो आणि धनुर्वात यांचा धोका खरा असतो, त्यामुळे गमबूट आणि हातमोजे चुकवू नयेत.

आपल्या शहरांतला सर्वांत अवघड प्रश्न मात्र भेसळीचा. जुन्या चाळींचे सेप्टिक टँक, गळकी गटारे, नाल्यांचे पूर, २६ जुलै २००५ सारख्या दिवशी घराघरांत शिरलेले पाणी, या सगळ्यांतून आजच्या जंतांची अंडी मातीत खोलवर झिरपू शकतात. कल्याणच्या एखाद्या खड्ड्यात दोन मीटरवर चाबूककृमीचे अंडे मिळाले म्हणून ते सातवाहनकालीन ठरत नाही. थर सीलबंद होता का, वर फरसबंदी किंवा न हललेली घट्ट माती होती का, हे उत्खननातच पाहिले गेले पाहिजे. पुढे डीएनएही स्वतःच्या वयाची साक्ष देतो. जुन्या डीएनएचे तुकडे पडलेले असतात, बहुतेक शंभर अक्षरांच्याही आत. आणि तुकड्यांच्या टोकांना सायटोसिन हे अक्षर बिघडून थायमिनसारखे वाचले जाते. हा बिघाड दिसला नाही, तर नमुना कालच्या गटारातला असण्याची शक्यता धरावी. स्वांते पेबो यांना २०२२ चे नोबेल मिळाले ते नामशेष मानवजातींच्या जनुकसंचांवरच्या शोधांसाठी; त्या कामाच्या मुळाशी याच प्रकारची कठोर तपासणी होती. सोबत कोळसा किंवा बियांचे कार्बन-१४ कालमापन असले तर दावा भक्कम होतो. लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि दिल्लीचे इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर इथे अशी मापने होतात.

प्रयोगशाळेतले काम ऐकायला जितके गूढ वाटते तितके नाही. मातीचा एक भाग जसाच्या तसा डीएनएसाठी राखून ठेवतात. दुसरा भाग ट्रायसोडियम फॉस्फेटच्या अर्ध्या टक्क्याच्या द्रावणात दोन-तीन दिवस भिजवतात, म्हणजे वाळलेली कवचे फुगून मूळ आकारात येतात. मग एकाखाली एक ठेवलेल्या बारीक जाळीच्या चाळण्यांतून गाळतात; जाडी वाळू वरच्या चाळणीत अडकते, अंडी वीस-पंचवीस मायक्रॉनच्या जाळीवर राहतात. तिथला साका ग्लिसरीनच्या थेंबात काचेवर घेऊन पाहतात. इथपर्यंतचे काम साध्या सूक्ष्मदर्शकावर होते. अंडी दिसली तरच पुढे स्वच्छ प्रयोगशाळेत डीएनए काढण्याचा खर्च करावा. अमीबा, जिआर्डियासारखे एकपेशीय जीव असे दिसत नाहीत; त्यांच्यासाठी प्रथिने ओळखणारी एलायझा चाचणी वापरतात. जेरुसलेमच्या २५०० वर्षांपूर्वीच्या दगडी शौचकूपांत जिआर्डिया मिळाला तो तसाच, २०२३ मध्ये.

विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी? ठाण्याचे बांदोडकर, कल्याणचे बिर्ला किंवा डोंबिवलीचे पेंढरकर महाविद्यालय, जिथे प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकतो तिथेच. जंतांची अंडी ओळखण्याची नजर पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत शौचाचे ताजे नमुने पाहूनच तयार होते. जुन्या मातीत ती अर्धवट, सुरकुतलेली, रंग उडालेली दिसतात, म्हणून ताज्यांवर हात बसलेला असावा लागतो. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात सुट्टीतले दोन महिने काढता आले तर ते कोणत्याही ऑनलाइन प्रमाणपत्रापेक्षा अधिक कामाचे. दुसरी बाजू पुरातत्त्वाची. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाचे पुरातत्त्वाचे अभ्यासक्रम नोकरी-कॉलेज सांभाळून करता येतात. साष्टी बेटाच्या, म्हणजे ठाण्याच्याही, परिसराचे पद्धतशीर सर्वेक्षण याच वर्तुळातल्या अभ्यासकांनी केले आहे. ठाण्यातली प्राच्यविद्या अभ्यास संस्था आहेच. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज. विज्ञानाचा पदवीधर तिथे परका ठरत नाही, उलट मानवी अवशेषांच्या अभ्यासाला असेच विद्यार्थी हवे असतात. राजस्थानातल्या बालाथल इथल्या चार हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यात महारोगाची लक्षणे ओळखली गेली, ती डेक्कन कॉलेजच्या उत्खननातूनच. प्राचीन डीएनएचे शिक्षण पीएचडीच्या टप्प्यावर लखनौची बिरबल साहनी संस्था किंवा हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था इथे शोधावे. संगणकावर लिनक्स, पायथन आणि थोडे संख्याशास्त्र मात्र आजपासूनच शिकावे. डीएनएचे तुकडे मोजणे आणि जुळवणे हे दिवसाचे निम्मे काम असते, आणि कित्येक हुशार मुले तिथेच अडतात.

उत्खननाची वाट पाहत बसण्याची गरज नाही. महाविद्यालयीन प्रकल्प म्हणून ठाण्यातल्या एखाद्या जुन्या तलावाचा गाळ हा उत्तम विषय आहे. महापालिकेची परवानगी घेऊन, गाळ काढण्याच्या कामाआधी, तळाशी पाइप दाबून थरांचा उभा नमुना काढता येतो. शिसे-२१० या किरणोत्सारी समस्थानिकावरून वरच्या दीडशे वर्षांचे थर मोजता येतात. त्या थरांत गोल जंत आणि चाबूककृमी यांची अंडी कधी वाढली, भुयारी गटारे आल्यावर घटली का, शाळांतून १० फेब्रुवारीला जंताच्या गोळ्या वाटण्याची मोहीम २०१५ पासून सुरू झाल्यावर काही फरक दिसतो का, हे तपासता येईल. नळाचे पाणी आणि संडास यांनी शहराचे आरोग्य किती सुधारले, हे कागदावरच्या आकड्यांखेरीज तपासण्याचा हा वेगळा मार्ग आहे. चरकसंहितेत वीस प्रकारच्या कृमींची यादी आहे, आपल्या घरांत बाळाच्या पाण्यात वावडिंग टाकत आले आहेत. जंत या भूमीत किती जुने आणि किती पसरलेले, याची चाचपणी अशा गाळातून सुरू होऊ शकते.

प्रकल्पाचा प्रस्ताव मोठ्या संस्थेकडे पाठवताना लांबलचक प्रस्तावना लिहू नये. एका पानात नमुना कोणत्या परवानगीने घेतला, थर सीलबंद असल्याचा पुरावा काय, तुलनेचे नमुने किती आहेत, माती घेतल्यापासून किती तापमानाला ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक ग्रॅमला किती अंडी दिसली, एवढे सांगावे. सोबत अंड्यांचे मापपट्टीसह फोटो जोडावेत. अंडी मुळीच मिळाली नसतील तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहावे, म्हणजे त्याच थरावर दुसऱ्या कोणी पुन्हा खर्च करणार नाही. नमुन्याचा उरलेला भाग महाविद्यालयाच्या फ्रीझरमध्ये स्वतंत्र कप्प्यात, कुलपात ठेवावा आणि त्याची नोंदवही विभागप्रमुखांकडे द्यावी, कारण विद्यार्थी तीन वर्षांनी पदवी घेऊन जातो आणि पिशवीवर काय लिहिले होते हे मागे कोणाला ठाऊक नसते.